‘होणार नाही’ की ‘करणार नाही’?

मी पाठवलेला पहिला पॅच, म्हणजे सुचवलेली दुरुस्ती, एका शब्दाचा होता. एका मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मदतपानावर कमांडचं एक उदाहरण चुकलं होतं, त्यातला एक शब्द बदलून पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही एका शब्दाचं.

‘व्हाय?’

नमस्कार नाही, आभार नाहीत, खाली नावसुद्धा नाही. मी दोन दिवस त्या शब्दाकडे बघत बसले. वाचल्यावाचल्या डोक्यात त्याचं मराठी झालं होतं, आणि ते ‘का?’ असं नव्हतं, ‘कशाला?’ असं होतं. ‘का’ विचारणाऱ्याला कारण ऐकायचं असतं. ‘कशाला’ विचारणाऱ्याने कारण नाही हे आधीच ठरवलेलं असतं. तिसऱ्या दिवशी धीर करून चार ओळी लिहिल्या: नव्या आवृत्तीत त्या पर्यायाचं नाव बदललंय, पानावर जुनंच राहिलंय, उदाहरण जसंच्या तसं चालवलं की एरर येतो. अर्ध्या तासात उत्तर आलं की हेच कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या टिपेत, लिहा, मी घेतो. घेतलाही. त्या माणसाला खरंच फक्त कारण हवं होतं.

मी शिकले भाषाशास्त्र आणि पोटासाठी लिहिते सॉफ्टवेअरची डॉक्युमेंटेशन. त्यामुळे असा प्रसंग घडला की राग ओसरल्यावर वही निघते. त्या ‘व्हाय’पासून मी कोड लिहिणाऱ्या या मंडळींची वाक्यं टिपून ठेवतेय. कोड मला बेताचाच कळतो, पण वाक्य कुठे दुखतं ते कळतं.

गैरसमज माझा एकटीचा नव्हता, हे नंतर कळलं. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे १९७५ सालच्या कोडमध्ये, एक टिपण आहे: ‘यू आर नॉट एक्सपेक्टेड टू अंडरस्टँड धिस.’ ते खूप गाजलं, आणि गाजलं ते उर्मटपणाचा नमुना म्हणून. एक प्रक्रिया थांबवून दुसरी सुरू करण्याच्या गुंतागुंतीच्या कोडवर ते लिहिलं होतं. पुढे युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, डेनिस रिची, यांनी खुलासा केला की हेतू ‘हे परीक्षेला येणार नाही’ एवढाच होता, कुणाला आव्हान द्यायचं नव्हतं. वर असंही सांगितलं की खरी अडचण म्हणजे तिथे काय चाललंय ते आम्हालाही नीट कळलं नव्हतं. मराठीत ते टिपण ‘तुम्हाला हे कळायचं नाही’ असंही होईल आणि ‘हे नाही कळलं तरी चालेल’ असंही. पहिल्याने माणूस दुखावतो, दुसऱ्याने सुटकेचा श्वास सोडतो. इंग्रजी वाक्य मात्र एकच.

वही भरत गेली तसं एक लक्षात आलं. या लोकांची खास शब्दसंपत्ती, म्हणजे निट, एलजीटीएम, डब्ल्यूआयपी (‘वर्क इन प्रोग्रेस’, काम चालू आहे) वगैरे, आठवड्याभरात शिकता येते. पण ते विचार कसा करतात हे शब्दांवरून कळत नाही. ते कळतं शाळेत कंटाळत शिकलेल्या प्रश्नावरून: वाक्यात कर्ता कोण?

कमिट मेसेज घ्या. कोडमध्ये बदल केला की त्याच्यासोबत काय बदललं, का बदललं ते लिहायचं. टिम पोप या प्रोग्रामरने २००८ मध्ये त्याचा एक साचा मांडला: पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची, मग एक ओळ रिकामी, मग ७२ अक्षरांत मोडलेला मजकूर. तो साचा आता इतका रुळलाय की तो कुणी घातला हे फारसं कुणी विचारत नाही. मला रस आहे तो क्रियापदात. गिट ही कोडमधले बदल नोंदवणारी प्रणाली, आणि कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. गिटच्या आणि लिनक्स कर्नलच्या, दोन्हींच्या नियमांत लिहिलंय की क्रियापद आज्ञार्थी ठेवा. ‘मी बदललं’ नको, ‘हा पॅच बदलतो’ नको. तुम्ही कोडला हुकूम सोडताय अशा थाटात लिहा.

कोडला हुकूम! एका रविवारी मी माझे जुने कमिट मेसेज मराठीत लिहून पाहिले, आणि पहिल्याच ओळीला अडले. ‘फिक्स ब्रोकन लिंक’. ‘तुटलेला दुवा दुरुस्त कर’ की ‘दुरुस्त करा’? इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही. मराठीत आज्ञा द्यायची तर समोरच्याशी नातं आधी ठरवावं लागतं. थोडा विचार करून ‘कर’ लिहिलं. कोडला अहोजाहो कोण करतं? मग पुढच्या चाळीसेक ओळी भराभर झाल्या: ‘उदाहरण बदल’, ‘जुना पर्याय काढ’, ‘सूचीतला क्रम नीट लाव’. वाचताना वाटलं, कुणा आज्ञाधारक पोराच्या मागे लागून दिवसभर कामं करून घेतलीत.

मग तीच यादी भूतकाळात लिहिली: ‘दुवा दुरुस्त केला’, ‘उदाहरण बदललं’. ती रोजनिशी झाली. फरक कशात आहे हे तेव्हा कुठे उमगलं. रोजनिशीतली गोष्ट एकदाच घडते. पॅच मात्र उचलून कोडच्या दुसऱ्या शाखेत, म्हणजे समांतर प्रतीत, लावता येतो, मागे घेता येतो, सहा महिन्यांनी भलताच माणूस जुन्या आवृत्तीला लावू शकतो, आणि लावेल तेव्हा तो पुन्हा तेच काम करतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘दिवसातून दोनदा घ्या’ असतं, ‘घेतल्या’ नसतं, तसंच हे. गिट स्वतःहून जे मेसेज घालतं, ‘मर्ज’ आणि ‘रिव्हर्ट’ने सुरू होणारे, तेही याच घडणीचे असतात. म्हणजे या वाक्याचा कर्ता ‘मी’ नाही. मी चिठ्ठी लिहून बाजूला झाले. ज्याने आयुष्यात दहा वर्षं ‘मी हे केलं’ असं लिहिलंय त्याला हा बदल वाटतो त्यापेक्षा अवघड जातो, मला गेला.

जाता जाता एक तक्रार. बटणावर आपण ‘जतन करा’ लिहितो. हुकूम माणसाने यंत्राला द्यायचा आहे, तर ‘करा’ कशाला? वाचताना असं वाटतं की यंत्रच मला अदबीने सांगतंय, बाई, एवढं जतन करा. आज्ञा कोण कुणाला देतंय हा घोळ मराठी भाषांतरांत वर्षानुवर्षं तसाच आहे, आणि ‘जतन कर’ लिहिलं तर लोक उद्धट म्हणतील हेही मला माहीत आहे.

कर्ता लपवण्याची खरी गरज लागते परीक्षणात, म्हणजे रिव्ह्यूत. अनोळखी माणसाच्या कामातल्या चुका अनोळखी माणसाने सगळ्यांदेखत दाखवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी पुन्हा एकत्र काम करायचं. पगार बहुतेकदा नाहीच, त्यामुळे दुखावलेला माणूस सरळ निघून जातो. मुरलेल्या परीक्षकांची वाक्यं पाहिली तर कर्त्याच्या जागी सतत ‘हे’ असतं. ‘यादी रिकामी असेल तर हे कोसळेल.’ ‘याला इथे कुलूप लागेल.’ ‘तू विसरलास’ असं ते लिहीत नाहीत. मराठीला हे फार सोपं जातं, आपल्याकडे ‘राहून गेलंय’ आहे. राहून गेलंय, कुणाकडून ते विचारू नका. इंग्रजीत एवढं सहज क्रियापद नाही, म्हणून ते ‘माइट’, ‘परहॅप्स’, ‘आय वंडर इफ’ पेरत जातात. त्यांच्याकडे तू आणि तुम्ही असा भेद उरलेला नाही, तेव्हा आदर कुठेतरी दाखवायचा तर तो अशा शंकेच्या शब्दांतूनच. ‘निट’ हा त्यातलाच एक. उवेचं अंडं, लीख. परीक्षक ‘निट’ लिहून पुढे जे सांगतो ते ऐकलं नाही तरी पॅच अडणार नाही, असा अर्थ. लीख काढून देतोय, डोकं धड आहे.

आणि याच जगात एका कमांडचं नाव ‘ब्लेम’ आहे. कुठली ओळ कुणी शेवटची बदलली ते सांगणारी. सबव्हर्जन या जुन्या प्रणालीत त्याच कमांडला आणखी नावं होती: ‘अॅनोटेट’ होतं आणि चक्क ‘प्रेज’ही होतं. दोष म्हणा, टीप म्हणा, कौतुक म्हणा, छापून येणार तेच. रोजच्या बोलण्यात टिकलं मात्र ‘ब्लेम’. माणसं मनातून काय शोधत असतात ते यावरून समजायला हरकत नाही.

आता ज्या शब्दावरून हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येते.

बगझिला ही बगांची, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांची, नोंद ठेवणारी प्रणाली. नोंद बंद करताना कारण निवडावं लागतं, आणि ती कारणं सलग मोठ्या अक्षरांत, जोडून लिहिलेली असतात: फिक्स्ड, इनव्हॅलिड, डुप्लिकेट, वर्क्सफॉरमी, वोंटफिक्स. बगझिला न वापरणाऱ्यांनीही हे शब्द उचलले. मी एका प्रकल्पात एक बग नोंदवला होता. जोडाक्षरावर कर्सर नेऊन एकदा खोडलं की अख्खं जोडाक्षर जायचं, आधीचं अर्धं अक्षर शिल्लक राहायचं नाही. नोंद मन लावून लिहिली होती. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, तीन चित्रं. आठ महिन्यांनी ती बंद झाली. वोंटफिक्स.

वहीत मी त्याखाली दोन मराठी वाक्यं लिहिली. ‘दुरुस्त होणार नाही.’ ‘दुरुस्त करणार नाही.’ पहिल्यात दोष परिस्थितीचा. दुसऱ्यात समोर एक माणूस हाताची घडी घालून उभा आहे. इंग्रजी शब्दात कर्ताच नाही, त्यामुळे मला हवा तो वाचायची मोकळीक होती, आणि अर्थातच मी दुसरा वाचला. या वेळी मात्र ‘व्हाय’ची आठवण होती. दोन दिवस न दवडता विचारलं: हे करायचं नाहीये, की करता येत नाहीये?

उत्तर लांबलचक होतं. मजकूर खोडण्याचा तो भाग एका जुन्या लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडच्या संचातून, आलेला, ती लिहिणारा सोडून गेलेला, आणि एक जागा बदलली की आणखी तीन लिप्यांत काहीतरी बिघडतं. दोनदा प्रयत्न केला होता, दोन्ही वेळा मागे घ्यावा लागला. शेवटचं वाक्य होतं: ‘मी एकटाच आहे आणि मला हे झेपत नाही.’ म्हणजे माझी दोन्ही मराठी वाक्यं चुकली होती. बरोबर वाक्य तिसरं होतं, ‘माझ्याने होणार नाही’. ते म्हणायला यादीत पर्यायच नव्हता. इनव्हॅलिड आहे, डुप्लिकेट आहे, ‘झेपत नाही’ नाही. त्याने जवळचं उचललं.

त्याच यादीतला ‘वर्क्सफॉरमी’ हा एकच शब्द असा आहे ज्यात बोलणारा स्वतः हजर आहे. ‘माझ्याकडे चालतंय.’ आणि नेमका त्याचाच लोकांना सर्वांत जास्त संताप येतो! माहिती म्हणून ती खरी असते, उपयोगीही असते, कारण बग माझ्या यंत्रात आहे की सगळ्यांच्या, ते त्यावरून कळतं. पण माणूस वाक्यात आला की वाक्य माहितीपुरतं राहत नाही. ‘माझ्याकडे चालतंय’ला न लिहिलेलं शेपूट असतं: मग तुझ्याकडे का चालत नाही, ते तू बघ.

‘पॅचेस वेलकम’ हे त्याचं चुलत भावंड. शब्दशः आमंत्रण. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘एवढं वाटतं तर स्वतः कर’. पण गंमत अशी की काही वेळा ते खरोखर आमंत्रण असतं. ओळखायची माझी खूण साधी आहे. पुढे एखाद्या फायलीचं नाव किंवा ‘इथून सुरुवात करता येईल’ असं काही असेल तर आमंत्रण. पूर्णविराम असेल तर दार लावून घेतलंय.

इथवरच्या शब्दांनी फारतर मन दुखतं. काही शब्द मात्र खरोखरीच काम करतात. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हाच मुद्दा लावून धरला होता. काही वाक्यं खरी किंवा खोटी नसतात, ती उच्चारली की कृतीच घडते. जहाजाला नाव देणारी व्यक्ती ‘मी हे नाव देते’ म्हणते आणि नाव दिलं जातं. अट एवढीच, की म्हणणाऱ्याला तो अधिकार हवा आणि प्रसंग योग्य हवा. वर्गात हे शिकताना मला ते जरा ओढूनताणून वाटलं होतं. कोडच्या जगात ते रोज, निमूटपणे, यंत्राच्या साक्षीने घडतं. कमिट मेसेजमध्ये ‘फिक्सेस’ लिहून पुढे नोंदीचा क्रमांक टाकला आणि तो बदल मुख्य शाखेत गेला, की बऱ्याच ठिकाणी ती नोंद आपोआप बंद होते. तुम्ही बोललात आणि झालं.

यात मी एकदा सपशेल तोंडावर पडले. एका बदलामुळे जवळचा एक बग सुटत नव्हता, आणि वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून मी भाबडेपणाने लिहिलं: ‘डझ नॉट फिक्स’, पुढे क्रमांक. बदल आत गेला आणि नोंद बंद झाली. यंत्राने ‘फिक्स’ पाहिलं, क्रमांक पाहिला, आणि मधल्या माणसाच्या नकाराला काही किंमत दिली नाही. ती नोंद पुन्हा उघडायला लावताना मला जे ऐकावं लागलं त्यात ‘निट’ नव्हतं. ऑस्टिन यांच्या अटींत आणखी एकीची भर घालायला हवी: ऐकणाऱ्याला ‘नाही’ कळायला हवं.

सह्यांचंही तसंच. लिनक्स कर्नलच्या प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ असतं. मला आधी वाटलं, ‘मला पसंत आहे’ अशा अर्थाचं असेल. तसं नाही. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला, युनिक्समधली मालमत्ता लिनक्समध्ये गेली असा त्यात आरोप होता. कोणती ओळ कुठून आली हे दाखवता आलं पाहिजे, म्हणून २००४ पासून ही सही सुरू झाली. तिचा अर्थ ‘हे देण्याचा मला हक्क आहे’. पॅच ज्याच्या ज्याच्या हातून पुढे जातो तो आपली सही खाली जोडत जातो. तिच्या शेजारी ‘अॅक्ड-बाय’ म्हणजे माझी हरकत नाही, आणि ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणजे मी नीट वाचलंय. बाहेरच्याला तिन्ही सारख्याच वाटतात. आतल्याला त्यांतली कुठली आहे यावरून कळतं, की गडबड झाली तर कोणाला विचारायचं.

आणि रोजच्या व्यवहारात या सगळ्यांची जागा घेणारी चार अक्षरं, एलजीटीएम. ‘लुक्स गुड टू मी.’ बरं दिसतंय. ‘बरं आहे’ नव्हे, ‘दिसतंय’. आणि तेही ‘मला’. उद्या सगळं कोसळलं तरी वाक्य खोटं ठरत नाही, कारण मला दिसत होतं ते खरंच बरं होतं. इतक्या थोड्या अक्षरांत इतकी पळवाट मी दुसरीकडे पाहिलेली नाही. हजार ओळींच्या बदलावर दोन मिनिटांत एलजीटीएम आलं की मला धडकी भरते. दहा ओळींवर सतरा शेरे येतात ते बरे.

‘दिसतंय’वरून विनयाची गोष्ट आठवली. या लोकांना उर्मट म्हणायची पद्धत आहे, पण त्यांची सुरुवातीची कागदपत्रं बघा. इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत आहेत त्यांना आरएफसी म्हणतात, म्हणजे अभिप्रायांची विनंती. पहिला एप्रिल १९६९ चा, स्टीव्ह क्रॉकर या तेव्हाच्या विद्यार्थ्याने लिहिलेला. त्याच महिन्यातल्या तिसऱ्यात स्पष्ट म्हटलंय की टिपणं सफाईदार असण्यापेक्षा वेळेवर यावीत. नियम सांगणारा कागद आणि नावात विनंती. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली बातमी दिली तीही अशीच. मी एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, आणि लगेच कंसात, नुसता छंद आहे, मोठी आणि व्यावसायिक वगैरे होणार नाही. त्या कंसात नम्रता किती आणि टीकेआधीच ढाल पुढे करणं किती, मला आजही ठरवता येत नाही.

विनंतीच्या नावाखाली नियम मात्र काटेकोर. १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये काही साध्या सहायक क्रियापदांना कायद्याचं वजन दिलंय. ‘मस्ट’ म्हणजे पर्याय नाही. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तर सोडा, पण परिणाम समजून घेऊन सोडा. ‘मे’ म्हणजे तुमची मर्जी. असा एक मसुदा मी मराठीत आणायला घेतला होता. ‘केलेच पाहिजे’ आणि ‘केले तरी चालेल’ ही दोन टोकं बसली. मधलं ‘करावे’ काही केल्या बसेना. ‘विद्यार्थ्यांनी वेळेवर यावे’ हा सल्ला आहे की हुकूम? आपल्या विध्यर्थात दोन्ही सुखाने नांदतात, आणि सूचनाफलक लिहिणाऱ्यांना तेच हवं असतं. वर दुसरी अडचण. २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने स्पष्ट केलं की हे शब्द सगळे मोठ्या अक्षरांत लिहिले असतील तरच त्यांना तो खास अर्थ, एरवी ते साधे शब्द. देवनागरीत मोठी लिपी आणि धाकटी लिपी नाहीच. आपल्याला ओरडून लिहिता येत नाही. शेवटी ठळक टाइप वापरला, आणि तो साध्या मजकुरात उतरवला की उडून जातो हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. ते काम तसंच पडून आहे.

जिथे शब्द पुरत नाहीत तिथे त्यांनी आकडे आणले. अपाचे या मुक्तस्रोत संस्थेच्या प्रकल्पांत मत +१, ० किंवा -१ असं देतात. कोडच्या बदलावर -१ म्हणजे नकाराधिकार, मात्र सोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. पण माणसं आकड्यांतही कुजबुजतात. त्यांच्याच मार्गदर्शिकेत अपूर्णांक आहेत. -०.५ म्हणजे आवडलेलं नाही, पण का ते धड सांगता येत नाही. -०.९ म्हणजे मुळीच आवडलेलं नाही, तरी सगळ्यांचं ठरत असेल तर आडवा येणार नाही. आणि माझं लाडकं, +० आणि -०. गणितात दोन्ही एकच. इथे +० म्हणजे ‘मला विशेष काही वाटत नाही, चालू द्या’ आणि -० म्हणजे ‘नसतं केलं तर बरं, पण करा’. शून्याला रुसता येतं हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

राहिला एक शब्द, ‘वुई’. वहीत त्याची पानं सर्वांत जास्त आहेत. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे. ऐकणारा आत आहे की बाहेर, हे बोलणाऱ्याला टाळताच येत नाही. इंग्रजीत ते टाळता येतं. २०१२ च्या डिसेंबरमध्ये टोरवाल्ड्स यांनी एका मेंटेनरला, म्हणजे कर्नलचा एक भाग सांभाळणाऱ्याला, लिहिलेल्या पत्रातलं वाक्य कर्नलच्या जगात सुभाषितासारखं वापरतात: ‘वुई डू नॉट ब्रेक यूजरस्पेस!’ कर्नल बदलला म्हणून वापरणाऱ्यांचे चालते प्रोग्राम मोडता कामा नयेत, हा नियम. नियम उत्तमच आहे. ते पत्र मात्र अंगावर येणारं होतं. त्यातल्या ‘वुई’चं मराठी काय? मेंटेनर घरचाच, म्हणजे ‘आपण मोडत नाही’. पण त्या आवेशात ते ‘आम्ही मोडत नाही’ असंच ऐकू येतं. आम्ही, म्हणजे तू सोडून बाकीचे. जवळजवळ सहा वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, ४.१९ च्या चौथ्या चाचणी आवृत्तीच्या घोषणेत त्यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि काही काळ बाजूला झाले.

मला माझ्या ‘वुई’चं मराठी करायला बराच वेळ लागला. त्या ‘व्हाय’वाल्या प्रकल्पात मी अधूनमधून पॅच पाठवत राहिले. मदतपानंच बहुतेक. ‘वुई डोन्ट यूज दॅट वर्ड हिअर’, हे आम्ही. ‘वुई प्रिफर शॉर्ट एक्झाम्पल्स’, हेही आम्हीच. मग एका पानावरून वाद झाला. त्यात ‘व्हाय’ विचारणाऱ्याने लिहिलं, ‘वुई शुड रीराइट द होल पेज.’ मी ते वाक्य वहीत उतरवलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. ‘आपण’ असेल तर माझ्या वाट्याला काम येणार. ‘आम्ही’ असेल तर नको तिथे नाक खुपसलं म्हणून सुनावलंय.

दोन दिवसांनी एक छोटा बदल तपासायला माझ्याकडेच आला. या प्रकल्पात कर्नलच्या धर्तीवर मेंटेनर्स नावाची एक फाइल आहे. कुठला भाग कोण सांभाळतं त्याची यादी. तिच्यात वाक्यं नसतात. नाव, पत्ता, फायलींची वाट, आणि त्या भागाची अवस्था: कुणी सांभाळतंय, अनाथ आहे, की ‘ऑड फिक्सेस’, म्हणजे जमेल तेव्हा डागडुजी. मदतपानांपुढे इतकी वर्षं ‘ऑर्फन’ होतं. बदलात तो शब्द खोडला होता, वरच्या ओळीत माझं नाव होतं, आणि अवस्थेची जागा मी भरावी म्हणून रिकामी सोडली होती.

मी ‘ऑड फिक्सेस’ भरलं आणि खाली लिहिलं, एलजीटीएम.